पहिला संशय

आमचे सर बसमध्ये कधी बसत नसत. कोराडीहून नागपुरात बर्डीला येणारी सिटी बस अख्खी रिकामी असली तरी ते मागच्या दारात उभे राहत, एक हात दांडीला आणि दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. कंडक्टर ओरडून थकले होते. "ओ मास्तर, आत सरका ना भाऊ, लोकायले चढू द्या." सर सरकत नसत. एकदा मी त्याच बसमध्ये होते आणि त्यांनी कंडक्टरलाच शिकवायला घेतलं.

"हे पाय गा," सर म्हणाले, "आत एवढी गर्दी, बाहेर रस्ता मोकळा. मंग लोक उतरून काहून नाही राहिले?"

"त्यायचा स्टॉप नाही आला म्हणून."

"हे झालं तुहं उत्तर. माहं उत्तर असं, का त्यायचं सामान आत हाये. गर्दी बाहेर ढकलते, सामान आत ओढते. दोन्ही बराबर झालं का माणूस जागच्या जागी. पोटॅशियमचं असंच असते."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले. मी त्यांची विद्यार्थिनी आहे हे मला चारचौघांत कबूल करायचं नव्हतं. आज करते. फार उशिरा करते आहे, पण करते.

सर आम्हाला बी.एस्सी.ला झूलॉजी शिकवायचे. अभ्यासक्रमात अख्खं माणसाचं शरीर होतं, पण सरांचं वर्षातलं अर्धं शिकवणं एकाच धड्यात जायचं : पेशीच्या पडद्याच्या आत आणि बाहेर आयन कसे फिरतात, आणि त्या फिरण्यातून वीज कशी तयार होते. बाकीच्या धड्यांची त्यांना गंमत वाटत नसे. पचनसंस्था कधी घेणार असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "रोज जेवता ना? मंग झाली ते पचनसंस्था." परीक्षेत पचनसंस्थेवर हमखास प्रश्न यायचा आणि आम्ही सरांच्या नावानं बोटं मोडत पेपर लिहायचो.

तो एक धडा मात्र ते असा शिकवायचे की अजून विसरता येत नाही. वर्ग म्हणजे पेशी. आम्ही सगळे पोटॅशियम, आत दाटीवाटीनं बसलेले. बाक म्हणजे मोठमोठी प्रथिनं, ऋण भाराची, त्यांना उठून जाता येत नाही. व्हरांडा म्हणजे पेशीबाहेरची जागा, तिथं पोटॅशियम नावाला. मग सर मागचं दार किलकिलं करायचे आणि एकेकाला सोडायचे. "जा गा, बाहेर मोकळी जागा हाये." पोरगा आनंदानं निघायचा. दारापर्यंत पोचला की सर ओरडायचे, "थांब! मागं कोण ओढून राहिलं तुले?" उत्तर पाठ होतं. प्रत्येक पोटॅशियम बाहेर जाताना आपला धन भार घेऊन जातो, आतली बाकं तेवढी जास्त ऋण होतात आणि त्याला परत खेचतात. थोडेच बाहेर गेले की ढकलणारी गर्दी आणि ओढणारी बाकं यांचं जमतं. मग दारातून जा-ये चालू असली तरी कोणी वाढत नाही, कोणी घटत नाही. त्या वेळी पडद्यावर जे उरतं ते व्होल्टेज. तुमचा विचार, तुमचा ठोका, तुमचं डोळे मिचकावणं, सगळं त्या उरलेल्यावर चालतं. आमच्या वर्गातला उमरेडचा एक मुलगा दरवेळी पोटॅशियम म्हणून बाहेर जायचा आणि थेट कँटीन गाठायचा. सर हजेरी घेताना त्याच्या नावापुढं थांबून म्हणायचे, "हा पोटॅशियम परत आलाच नाही."

बाहेर सांडलेलं पोटॅशियम आत आणायला आणि आत शिरलेलं सोडियम बाहेर काढायला पेशीत एक पंप असतो. सर त्याला वॉचमन म्हणायचे. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दिवसरात्र हेच काम. "वॉचमन जागा हाये तोवर माणूस जित्ता. झोपला का आत-बाहेर सगळं सारखं होते, अन् मीटरची सुई शून्यावर." मग चष्मा पुसत म्हणायचे, "समता माणसामाणसांत पाहिजे, आपण त्यासाठीच जन्मलो. पण पेशीत समता आली का माणूस गेला." त्यांच्या घरात बैठकीत बुद्धाची तसबीर होती आणि वडील छप्पन्नच्या धम्मदीक्षेला पायी आले होते, हे ते अभिमानानं सांगत. समता या शब्दाची थट्टा करायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. दुसऱ्या कोणी केली तर त्याला वर्गाबाहेर काढत.

राहायचे कोराडीला. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, तिथल्या कॉलनीतल्या शाळेत नोकरी होती, तेव्हापासून तिकडेच. ओट्यावर कायम राखेचा थर. काकू सकाळ-संध्याकाळ पुसायच्या आणि सर त्या राखेवर बोटानं आकृत्या काढायचे. "तिकडं डोंगराएवढा कोळसा जाळून वीज करतात," वीज केंद्राच्या चिमण्यांकडे हात करून म्हणायचे, "अन् तुह्या पेशीले चिमूटभर मीठ पुरते."

आता सरांचं प्रसिद्ध प्रात्यक्षिक. पडद्याच्या दोन बाजूंना कमी-जास्त पोटॅशियमचं पाणी ठेवायचं, दोन्हींत तारा सोडायच्या आणि मीटरची सुई हललेली दाखवायची. पुस्तकात चार ओळींत लिहिलेलं असतं. सरांची सुई कधीच नीट हलली नाही. पडदा असा हवा की तो पोटॅशियमला जाऊ देईल आणि जोडीच्या क्लोराइडला अडवेल. सरांनी सेलोफेन लावून पाहिलं, कांद्याचा पापुद्रा, अंड्याच्या कवचाखालची त्वचा, माशाच्या पोटातली हवेची पिशवी, संत्र्याच्या फोडीची साल. सगळे पडदे दोघांनाही सारखंच जाऊ देत. सर सुईकडे टक लावून बसायचे, "येईल, येईल," आणि घंटा व्हायची. मग आम्हाला म्हणायचे, "लिहा. निष्कर्ष : प्रयोग फसला." वहीत तसंच लिहावं लागे. बाकीच्या कॉलेजांत सुई दरवर्षी ठरलेल्या आकड्यावर जायची, ती कशी जायची हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत मला नेमका तोच प्रयोग आला. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा लावून मीटरवर वाकले. सर शेजारी उभे. मला सरांची कीव आली. म्हणजे त्या वेळी मी स्वतःला असंच सांगितलं. मार्कांची भीती होती हे खरं कारण. टेबलाखाली मी टॉर्चचा एक अर्धमेला सेल ठेवला होता. त्याची तार हळूच मीटरला टेकवली. सुई उडाली. परीक्षक म्हणाले, "वा!"

सरांनी सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, हा प्रयोग फसला," ते परीक्षकांना म्हणाले. "एवढी वीज? हे पेशी हाये का कोराडीचा प्लांट? पोरीनं सुई हलवली."

माझा फर्स्ट क्लास त्या मार्कांवर गेला, आणि त्याबरोबर एम.एस्सी. नरखेडकडच्या आमच्या गावातून नागपूरला शिकायला आलेली मी पहिली मुलगी. बाबांनी एक अक्षर विचारलं नाही, त्यानंच मला जास्त लागलं. सरांचा मला इतका राग आला होता की निरोप समारंभात मी त्यांच्या पाया पडले नाही. ते मात्र मला शोधत आले.

"रागावली का वं?"

मी जायला वळले.

"एक ध्यानात ठेव. आकडा आला का तीन संशय घ्यायचे. पहिला स्वतःवर. म्हणजे असं, का मले काय दिसावं असं वाटून राहिलं? हे विचारायचं. दुसरा नमुन्यावर. तिसरा मशीनवर. लोक तिसऱ्यापासून सुरू करतात, शहाणे दुसऱ्यापासून. पहिला कोणी घेतच नाही."

मी "हो सर" म्हणाले आणि निघून आले.

पुढं मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. तिथं रक्तातलं सोडियम-पोटॅशियम मोजायचं मशीन होतं. कंपनीचा माणूस ते समजावून सांगू लागला : आत एक बारीक पडदा आहे, तो फक्त पोटॅशियमला ओळखतो, त्याच्या दोन बाजूंना जे व्होल्टेज तयार होतं त्यावरून रक्तात पोटॅशियम किती ते कळतं. मला हसू फुटलं. तो बिचारा गोंधळला. सरांचा प्रयोग डब्यात बसून चालत होता आणि दिवसाला ढिगानं रिपोर्ट देत होता.

राग कुठल्या कुठे गेला. रविवारी कोराडीला जाऊन सरांना घेऊन आले. अर्थात ते बसच्या दारात उभे राहूनच आले. मशीनसमोर त्यांनी चपला काढल्या. मी नमुना लावला, आकडा आला. सरांनी वाकून तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "पास झाला वं माहा प्रयोग." डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "पडदा कशाचा हाये?" मी नाव सांगितलं. "हं. आपण संत्र्याच्या सालीत शोधून राहिलो होतो." त्यानंतर ते महिन्या-दोन महिन्यांनी मशीन पाहायला यायचे. लॅबमधली मंडळी म्हणायची, तुझे सर नातू बघायला आले.

संत्र्यांचं आता सांगायलाच हवं. आमचा बाग आहे. बाबा शिकलेले नाहीत, पण मुलीच्या मास्तरला फळ पोचवायचं हा त्यांचा नेम. हिवाळ्याच्या तोंडाला आंबिया बहाराची फळं उतरली की पहिली पिशवी सरांची. सर संत्रं खायचे तेही शिकवल्यासारखं. फोड उजेडाला धरून पडदा बघायचे, वर मीठ भुरभुरवायचे, मग तोंडात. पिशवी रिकामी परत करू नये म्हणतात, लोक साखर घालतात. सर मिठाची पुडी घालायचे. "साखरेत वीज नाही," म्हणायचे. बाबा दरवर्षी पुडी हातात घेऊन चक्रावायचे. "मास्तर मीठ काहून देते वं? मिठानं भांडण होते म्हणतात." पण टाकून दिलं नाही कधी, भाजीत घातलं.

मागच्या हिवाळ्यात पिशवी जरा मोठीच होती. मी नेऊन दिली आणि चार दिवसांनी सर लॅबमध्ये आले, या वेळी रक्त द्यायला. बी.पी.ची गोळी बदलली होती, डॉक्टरांनी सोडियम-पोटॅशियम पाहून घ्यायला सांगितलं होतं. घराजवळ लॅब होती, पण सरांना याच मशीनचा आकडा हवा होता. शीर लवकर सापडेना, मला दोनदा टोचावं लागलं.

"पाय जड वाटून राहिले दोन दिवस," सर म्हणाले.

"दारात उभे राहून येता, मग काय होणार?" मी म्हटलं. ते हसले. संत्र्यांबद्दल म्हणाले, "औंदा लयच गोड. तुह्या काकूले देऊन नाही राहिलो, मीच खाऊन राहिलो."

ते गेले आणि दुपारी आकडा आला. सहा पॉइंट नऊ. निरोगी माणसाचं साडेतीन ते पाचच्या मध्ये असतं. बाहेरचं चिमूटभर पोटॅशियम एवढं वाढलं की पेशीच्या पडद्यावरचं गणित बिघडतं आणि हृदयाचा ताल जातो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, व्हरांड्यात उभं करून.

असा आकडा आला की ताबडतोब डॉक्टरांना फोन करायचा हा आमच्या लॅबचा नियम. मी नळी उजेडाला धरली. रक्तावर सुटणारं पाणी पिवळसर असतं, ते किंचित गुलाबी होतं. आमच्या धंद्यात ही नेहमीची गोष्ट. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, आकडा खोटाच वाढतो आणि माणूस ठणठणीत असतो. मी मनाशी म्हटलं, दोनदा टोचलं ना, पेशी फुटल्या. डॉक्टरांऐवजी सरांना फोन लावला.

"सर, पोटॅशियम जास्त आलंय. पण नमुना गुलाबी आहे, बहुतेक पेशी फुटल्यात. उद्या सकाळी पुन्हा रक्त देता का?"

"किती आलं?"

मी आकडा सांगितला. मागं काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"पहिला संशय घेतला का वं?"

"हो सर."

"मंग ठीक हाये. उद्या येतो. अन् बापाले सांगजो, संत्री गोड हायेत."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी सुई, कापूस, नळी मांडून बसले. साडेआठ झाले, नऊ झाले. सव्वानवाला काकूंचा फोन आला. पहाटे झोपेतच सर गेले होते.

फोन ठेवल्यावर मी फ्रिजमधून कालची नळी काढली. गुलाबीपणा इतका फिका होता की शोधावा लागला. एवढ्यानं आकडा जरासा वाढतो, सहा पॉइंट नऊ होत नाही. हे मला आदल्या दिवशी दुपारीही माहीत होतं. मग मी ते गुलाबी का पाहिलं? कारण मला ते पाहायचं होतं. आकडा खरा असता तर त्यात माझ्या हातानं नेलेली पिशवी होती. संत्र्यात पोटॅशियम भरपूर असतं हे नागपुरात मला नाही ठाऊक तर कोणाला? नमुन्यावर संशय घेणं सोपं होतं. मी शहाण्यांसारखी दुसऱ्यापासून सुरुवात केली.

नंतर डॉक्टरांकडून कळलं की सरांची मूत्रपिंडं बहुधा बऱ्याच दिवसांपासून थकली होती, कोणाला पत्ता नव्हता. वर ती नवी गोळी, तीही पोटॅशियम शरीरात अडवणारी, वर संत्री. कोणी म्हणेल, संत्र्यानं माणूस मरत नाही. बरोबर आहे. पण "सर, आत्ताच्या आत्ता ऑटो करा आणि दवाखान्यात जा," एवढं म्हटलं असतं तर बहुतेक सर आज बसच्या दारात उभे असते. एवढं वाक्य मला म्हणता आलं नाही.

आठवड्यानं मी कोराडीला गेले. ओट्यावर राख तशीच साचली होती, काकूंनी पुसली नव्हती. आत सरांच्या फोटोशेजारी मेणबत्ती. मी सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. तोंड उघडणार तेवढ्यात काकूच बोलल्या.

"तुहा फोन आला ना पोरी, तवा मले भेव वाटलं. मी म्हटलं, डॉक्टरकडं जाऊन येऊ का? तं म्हनते कसे, काही गरज नाही, पोरीनं तिन्ही संशय घेतले. इतके खुश होते बाई! म्हनले, एवढी वर्सं शिकवलं, एक तरी शिकली. जेवले अन् निवांत झोपले."

मी तोंड मिटलं. काकूंनी बाबांची पिशवी धुऊन, घडी करून ठेवली होती. तिच्यात मिठाची पुडी होती. सरांनी माझ्या फोननंतर संध्याकाळीच बांधून ठेवली होती म्हणे.

ती पुडी मी गावी नेली नाही. मशीनखालच्या खणात आहे. आता असा आकडा आला की मी आधी डॉक्टरांना फोन करते, मग नळी बघते. लॅबमधले म्हणतात, बाई उगाच लोकांना घाबरवते. म्हणोत.

काकू आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला येतात. घराजवळची लॅब सोडून, त्या लांबच्या बसनं. आल्या की माझ्या समोरच्या खुर्चीत बसतात, बाही वर सारतात आणि तोंड दुसरीकडे करतात, सुईची भीती वाटते त्यांना. मागच्या खेपेला म्हणाल्या, "दुसऱ्या कोनाच्या रिपोर्टवर माहा भरोसा नाही. ते सांगून गेले ना, तू तिन्ही संशय घेते म्हणून. घेते ना वं?"

"हो, काकू," मी म्हणाले, आणि शीर शोधू लागले.